काचेवरची मैना

सतराव्या काचेवरही मैनेच्या जागी धुरकट डागच उमटला, तेव्हा डॉक्टर शेषरावांनी वहीत ‘पक्षी हलला’ एवढेच लिहिले.

अमरावतीच्या दवाखान्यातले त्यांचे काम सकाळी नऊला सुरू होई. त्याआधीचा वेळ परसातल्या साळुंक्यांसाठी राखलेला होता. वऱ्हाडात त्यांना मैनाच म्हणत. मुंबईच्या एका विद्वान मंडळाने शेषरावांना कळवले होते की, मोकळ्या, जिवंत पक्ष्याची छबी घेणे अशक्य आहे. आजवर दाखवल्या गेलेल्या सगळ्या छब्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या आहेत. होळीच्या आत पुरावा पाठवतो, असे शेषरावांनी उलट टपाली लिहून टाकले होते. होळीला पंधरा दिवस उरले होते, आणि काचा ओल्या करायचा द्राव तीन काचांपुरता.

अडचण सहा सेकंदांची होती. ओल्या काचेवर छबी उमटायला तेवढा वेळ लागे. त्या अवधीत जे स्थिर राहील तेच उमटे. जे निघून जाई त्याची खूणही राहत नसे.

परसाच्या कोपऱ्यातल्या झोपडीत राहून भाजी पिकवणारी मैनाबाई भाकरी चुरायला बसली की मैना तिच्या पायांशी येत. शेषराव सात-आठ हातांवर आले तरी त्या उडून जात.

“तुमाले नाई भेत त्या, डाक्तरसायब,” ती म्हणाली. “तुमच्या कोटाले भेतात. पाखरं मानूस वयखत नाईत, लुगडं वयखतात.”

“कशावरून?”

“पाहा न करून.”

विधान तपासून पाहता येण्याजोगे होते, म्हणून शेषरावांना ते आवडले.

कुंपणापलीकडून कोणी तरी हसले. मैनाबाईचा धाकटा दीर नत्थुजी कापसाच्या बाजारात जाताना आणि येताना तिथे हमखास थांबे. त्याला छबीच्या पेटीचे कौतुक असावे, असा शेषरावांचा समज होता.

“सायब, छबी मैनेची घेता का मैनाबाईची?”

“जी समोर स्थिर बसेल तिची. काच खोटे बोलत नाही.”

“मंग येत्याच्या पुढच्या सोमवारी आमचीबी घ्या. वयनीचा अन् माझा पाट हाय. जेवाले या.”

थोरला भाऊ वारल्यावर धाकट्याने वहिनीशी पाट लावावा, हा त्यांच्यातला रिवाज होता. पाट ठरल्यापासून लोक हसतील म्हणून नत्थुजी तिच्याशी बोलत नसे; लांबूनच पाहून जाई. तिला कोणी विचारल्याचे शेषरावांच्या कानी नव्हते. त्यांनीही विचारले नाही. मैनाबाई भाकरी चुरत राहिली.

रविवारी पहाटे ती घडी केलेले हिरवे लुगडे घेऊन ओसरीवर आली.

“चांदूरबाजारले बहीन बायंत झाली. आठ रोज जातो. पाखरांले उपाशी नोका ठेवू.”

मग तिने सूचना दिल्या. पदर कपाळाच्या पुढे ओढायचा. कुंपणाकडे पाठ करून बसायचे, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. आणि सांजेला झोपडीत दिवा लावायचा.

“दिव्याचा पक्ष्यांशी काय संबंध?”

“अंधाऱ्या घराच्या वयचनीले पाखरू थांबत नाई, सायब.”

हे शेषरावांना पटले नाही. पण प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम त्यांना ठाऊक होता. दिवा आजवर रोज लागत आला होता. तो लागत राहायला हवा.

ती कापसाच्या एका गाडीवर बसून गेली. गाडी चांदूरबाजारकडे न जाता तिवशाच्या रस्त्याला वळली. शेषरावांनी ते पाहिले. पण त्यांचे लक्ष गाडीमागे उडणाऱ्या पिंजेकडे होते. कापसाचा भाव चढल्यापासून रस्त्यावर गाड्यांची रीघ लागे, आणि ती पिंज ओल्या काचेला चिकटे.

पहिल्या दिवशी त्यांनी धोतरावरूनच लुगडे गुंडाळले, मिशा पदराआड घेतल्या आणि भाकरीचा चुरा टाकला. मैना सहा हातांवर उतरल्या. तिसऱ्या दिवशी दोन हातांवर. पाचव्या दिवशी एकीने त्यांच्या तळहातावरचा तुकडा उचलला. कुंपणाकडून खोकल्याचा आवाज आला, तरी ती उडाली नाही. शेषरावांनीही मान वळवली नाही. सांजेला त्यांनी लुगड्यातच जाऊन दिवा लावला आणि वहीत लिहिले: ‘विधान बहुधा खरे.’

शुक्रवारी आणि शनिवारी पिंजेने दोन काचा बिघडवल्या.

सोमवारी सकाळी वारा पडला होता. शेषरावांनी शेवटची काच पेटीत बसवली आणि भिंगाच्या झडपेचा दोरा हाती धरून ते आपल्या जागी बसले. तीन मैना आल्या. त्यांनी दोरा ओढला. सहा आकडे मोजले. कोणीच हलले नाही.

अंधाऱ्या खोलीत काच धुऊन त्यांनी ती काळ्या कापडावर धरली. तिन्ही मैना स्वच्छ उमटल्या होत्या; एकीच्या डोळ्याभोवतीचे कडेही वेगळे दिसत होते. मंडळाला द्यायचे उत्तर तयार झाले होते. लुगडे उतरवून, कोट चढवून ते काच हातात घेऊनच बाहेर आले.

ओसरीवर नत्थुजी उभा होता. डोक्याला नवे पागोटे होते.

“वयनीले आवाज द्या, सायब. घरी कासारीन बांगड्या भराले येऊन बसली हाय.”

“ती चांदूरबाजारला बहिणीकडे आहे. आठ दिवस झाले.”

नत्थुजी मोकळेपणाने हसला.

“काहून मस्करी करता? बहीन कुठची तिले? थे एकली लेक हाय. अन् आठ रोज मी सोता पाहून राह्यलो न. सकायी पाखरांले भाकर, सांजले दिवा.”

नत्थुजीने वाकून त्यांच्या हातातली काच पाहिली आणि तिच्या उजव्या कडेवर बोट ठेवले. तिथे, पदर पुढे ओढून, हात पसरून, एक आकृती सहा सेकंद अजिबात न हलता बसली होती.

“काच खोटं बोलत नाई, तुमीच म्हनलं होतं,” तो म्हणाला. “मंग हे कोन हाय?”