बोटभर खाली

नानांनी दोरीचं टोक ओढलं. गाठ सुटली. झाड मात्र काठीला तसंच चिकटून उभं राहिलं.

हंगाम संपला होता. टोमॅटोच्या सहा ओळींपैकी जिजीच्या तीन सकाळीच मोकळ्या झाल्या होत्या. तिला फक्त निरगाठ येत असे, त्यामुळे तिच्या दोऱ्या कात्रीनेच कापाव्या लागत. नाना सुरगाठ मारायचे, एक टोक ओढलं की सुटणारी. त्यांच्या दोऱ्यांचं हे तिसरं वर्ष होतं आणि हे ते बायकोला, म्हणजे जिजीला, दर हंगामात ऐकवत.

आज तर ते फारच खुशीत होते. रोपं लावतानाच लेकीने अट घातली होती. नानांच्या हाताला कंप सुटलाय, तेव्हा त्यांच्या ओळींतलं एक जरी झाड वाऱ्याने आडवं झालं, तर पुढच्या वर्षी मळा बंद, आणि दोघांनी तिच्याकडे राहायला यायचं. त्यानंतर दोन वादळं येऊन गेली. एकही झाड पडलं नाही. संध्याकाळी फोनवर हे कसं सांगायचं, याची नानांनी जिजीपुढे दोनदा तालीमसुद्धा केली होती.

त्यांनी थंडीने करपलेली पानं बाजूला सारली. सुटलेल्या गाठीच्या बोटभर खाली दुसरी दोरी होती. निरगाठ.

पुढच्या झाडालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

नाना मातीत बसले आणि झाड खालून वर बघू लागले. प्रत्येक झाड तीन ठिकाणी बांधलेलं. गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे पहिल्या महिन्यात, फक्त त्यांच्या गाठी. कमरेपाशी काही झाडांना दोन-दोन. छातीपाशी सगळ्यांनाच. तिथल्या त्यांच्या गाठी इतक्या सैल होत्या, की आत दोन बोटं सहज जात होती. पण वाटेवरून जाता-येता दिसायच्या त्या ह्याच. जिजीने त्यांतली एकही सोडली नव्हती. आपली प्रत्येक गाठ तिने पानाआड मारली होती.

दुपारी नाना आडवे झाले, की जिजी कोंबड्यांना बघून येते म्हणून बाहेर पडायची. चांगला अर्धा-पाऊण तास. नवऱ्यापेक्षा कोंबड्यांचाच लळा जास्त, असं ते तिला चिडवायचे. भर उन्हात सात कोंबड्या सावलीत डोळे मिटून बसतात, त्यांच्यात एवढं काय बघायचं असतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

जिजी रिकामी पाटी घेऊन ओळीच्या टोकाशी आली. नानांच्या हातातली गाठ तिने पाहिली आणि पाटी हळूच खाली ठेवली.

"मला तुमची ती गाठ कधी जमलीच नाही," ती म्हणाली. "दोऱ्या वाया गेल्या तुमच्या."

"जमली असती तर मला कळलंच नसतं."

तिने कमरेची कात्री काढली. नानांनी दोरी दोन्ही हातांनी ताणून धरली, जिजीने मधोमध कापली. मग पुढचं झाड. दोरी ताणून धरली, की हात कमी थरथरत होता. हे दोघांनाही दिसलं.

ओळ अर्धी झाल्यावर जिजीने विचारलं, लेकीला आता काय सांगणार.

"एकही झाड पडलं नाही, हेच. खोटं थोडंच आहे?" नाना म्हणाले. "कोणी बांधली असं विचारलं तर फोन तुझ्याकडे देतो."

"मी घेणार नाही."

"घेशील. नाहीतर ती उद्याच गाडी घेऊन येईल."

जिजी हसली आणि पुढच्या झाडाकडे सरकली. नाना दोरीचे तुकडे गोळा करून शर्टाच्या खिशात ठेवत होते. वीतभर लांबीचे ते तुकडे आता कशाच्याच उपयोगाचे नव्हते.

शेवटच्या काठीपाशी त्यांनी दोरी ताणून धरली, पण जिजी कापायला लागली तसं तिला थांबवलं.

"पुढच्या वर्षी कोंबड्यांना बघायला जाशील ना," ते म्हणाले, "तेव्हा मलाही उठवत जा."