वाल्देमारची तिसरी दुनळी

एलादिओने दुनळी बंदूक उघडली, खटकन मिटली आणि मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. मग बंदूक वाल्देमारच्या हातात परत दिली.

"ही नको."

वाल्देमार अंगणात बाकावर बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू होता, म्हणून तो आपल्या बंदुका विकायला निघाला होता. सकाळी रेडिओवर गावोगावचे निरोप वाचतात. त्यात कुणाचं मर्तिक आणि कुणाचा हरवलेला घोडा यांच्यामध्ये त्याची जाहिरात लागली होती. ती ऐकून हा अनोळखी माणूस ताकुआरेम्बो शहराच्या पलीकडून कच्च्या रस्त्याने आला होता.

"नको म्हणजे? नळीतून बघितलंस तरी का? आरसा आहे आरसा."

"चांगलीच असेल. दुसरी आहे का?"

गाडीच्या हौद्यात मोरा पडून होती. ठिपक्यांची शिकारी कुत्री. मार्चमध्ये एलादिओची बायको सुल्मा गेली, तेव्हापासून मोराने खाणं जवळजवळ सोडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरने तपासलं आणि आजार काही नाही म्हणाला. "कामाची कुत्री आहे. तित्तिरांच्या शिकारीला न्या. उठली तर त्यानेच उठेल." एलादिओने तिला गवतात नेलं. ती थोडी चालली आणि त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत खाली बसली. घरात सासऱ्याची जुनी दुनळी होती, पण मर्तिकाला आलेल्या मेव्हण्याने ती नेली आणि सीमेपलीकडे ब्राझीलमध्ये विकून टाकली. एलादिओने शेजाऱ्याची बंदूक मागून आणली. मोराने ती हुंगली आणि मान परत जमिनीवर टेकवली. आता तिच्या बरगड्या दिसत होत्या. शिकारीचा हंगाम सुरू झाला होता.

वाल्देमारने दुसरी बंदूक काढून दिली. ती बेल्जियमची होती, दस्त्यावर नक्षी होती. एलादिओने नक्षीकडे पाहिलं नाही. दस्ता खांद्याला लावूनही बघितला नाही. उघडली, मिटली, गाडीकडे बघितलं. कुंपणापर्यंत गेला, तिथून परत आला. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"ही पण नको."

"घोडा घेताना माणूस दात तरी बघतो," वाल्देमार म्हणाला. "तू नुसतं तोंड उघडतोस आणि मिटतोस."

वाल्देमारची बायको इर्मा थर्मास घेऊन बाहेर आली. तिने 'माते' या कडवट पानांच्या चहाच्या भांड्यात गरम पाणी ओतलं आणि ओढायची नळी पाहुण्याकडे फिरवली. "बसा की हो. बंदूक घ्यायला आलात की अंगण मोजायला?"

एलादिओने उभ्यानेच दोन घोट ओढले आणि भांडं परत दिलं. "अजून एखादी?"

"संपल्या."

"कोंबड्यांच्या खोपटातली आहे ना," इर्मा म्हणाली.

"ती काय दाखवायची? लाज आणशील."

"त्यांना तुझी लाज बघायचीय का? बंदूक बघायचीय."

ती खोपटात गेली आणि दुनळी घेऊन आली. दस्त्यावर कोंबड्यांची शीट वाळली होती. वाल्देमारने ती हाताने चाचपली आणि मान हलवली.

"ऐक गड्या. आधीच्या दोन्ही विकायला मी खोटं बोललो असतो, पण हिच्यासाठी बोलवत नाही. बिजागर झिजलंय. नळ्या हलतात. छरे असे पांगतात की तित्तिर हसत हसत उडून जाईल. फुटणार नाही, पण लागणारही नाही. ही घेऊ नकोस."

एलादिओने ती उघडली आणि मिटली.

आधी खट् झालं. मग जरा उशिराने, हलक्या आवाजात, किण्.

गाडीच्या पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज आला. मोरा उभी राहिली होती. तिने फळीवरून खाली उडी टाकली. पुढचे पाय दुमडले, ती तोंडावर पडली, उठली आणि अंगण ओलांडून आली. एलादिओच्या डाव्या अंगाला येऊन तिने माळाकडे तोंड केलं आणि थांबली. तिची शेपटी थरथरत होती.

एलादिओ हलला नाही. आल्यापासून पहिल्यांदाच.

"सुल्मा रानाच्या कडेपर्यंत बंदूक उघडीच ठेवायची," तो हळू आवाजात म्हणाला. "कुंपणाच्या तारेपाशी पोचली की मिटायची. तिच्या बापाची ती दुनळी पण अशीच खिळखिळी होती, मिटताना असाच आवाज करायची. ही घेतो मी."

वाल्देमारने आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याला कुत्री नीट दिसत नव्हती, पण तिचं धापणं ऐकू येत होतं. इर्मा आत गेली आणि तिने काडतुसांचा खोका आणून एलादिओच्या हातात ठेवला.

"याचे पैसे नकोत," ती म्हणाली.

"खोका दिलास ते ठीक," वाल्देमार इर्माला म्हणाला आणि एलादिओकडे वळला. "पण राव, एक लक्षात ठेव. ही कुत्री पक्षी उठवेल आणि तू तो पाडला नाहीस, तर ती मागे वळून तुझ्याकडे बघेल. एकदा बघेल, दोनदा बघेल. मग तुला तिथेच सोडून गाडीत जाऊन झोपेल, आणि परत उठायची नाही. असल्या बंदुकीने पाडायचं म्हणजे हात पक्का हवा. निशाणा कसा आहे तुझा?"

मोराने एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा थांबली.

"शिकार सुल्मा करायची," एलादिओ म्हणाला. "मी पिशवी धरून मागून चालायचो. मला शिकव."