सरदाराचं सुतक

इंग्रजीचे प्राध्यापक अनंतराव अकराव्यांदा रडत होते. इटलीतल्या एका बुडत्या सरदाराची ती जुनी कादंबरी दर हिवाळ्यात काढायची आणि वाचून डोळे पुसायचे, हा त्यांचा रिवाज. स्वतःची ना जहागीर, ना हवेली. विद्यापीठाचा पगार आणि समर्थनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट. पण तोरा असा, की सरदार म्हणजे यांचा सख्खा मामाच!

समोर पुंजाराम उभा होता. सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या करत यानं याच कादंबरीवर पीएचडीचा प्रबंध लिहिला होता. तीन वर्षांपूर्वीच पुरा झालेला. अडला होता तो मार्गदर्शकाच्या, म्हणजे अनंतरावांच्या, एका सहीपायी. प्रबंधात एक वाक्य होतं: 'सरदाराच्या प्रत्येक घोड्याला नाव आहे, घोडे राखणाऱ्या मोतद्दाराला नाही.' सरांना ते झोंबलं. "हे काढ. ही व्यथा कळायला रक्तात काही असावं लागतं," म्हणाले होते. पुंजारामनं काढलं नाही. सही मिळाली नाही. तेवढ्या काळात नोकरीच्या दोन जागा हातच्या गेल्या.

आज मात्र सरांनी स्वतःहून निरोप धाडला होता.

"आण तो प्रबंध." पेन उघडून त्यांनी सही ठोकलीसुद्धा.

"सर, ते वाक्य तसंच हाये."

"राहू दे रे! संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलतायत. बाबासाहेबांचं देणार म्हणे. आज पाचच्या आत जमा कर. जुन्या नावाखाली प्रबंध देणारा माझा शेवटचा विद्यार्थी तू!"

वा रे वाघा! तीन वर्षं ज्या वाक्यानं साहित्य बाटत होतं, ते आता बिनबोभाट चालत होतं.

पुंजारामनं शाई वाळू दिली. प्रबंध पिशवीत घातला.

"संक्रांत झाल्यावर जमा करतो, सर."

"मूर्खा! त्या नावाशी तुझा काय संबंध? तू काय त्यांच्यातला आहेस?"

"नाय, सर. पण अठ्ठ्याहत्तरला त्या नावापायी आमच्या गावातली दलितवस्ती जाळली. माझ्या बाकावरच्या पोराचं घर गेलं." त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. "काडी लावणाऱ्यांत माझा चुलता होता."