झरोक्याची टोपी

"या खेपेला कोणता स्क्रू?" बाईंनी शिडी धरून खालून विचारलं.

"पश्चिमेकडचा," पोटमाळ्यावरून मिस्त्री म्हणाला. "टोपी एका अंगानं उचललीय. वाऱ्याबरोबर पाऊस तिथूनच आत घुसतोय."

छपराच्या झरोक्यावरची ती पत्र्याची टोपी त्यानंच बनवून बसवली होती. हवा खेळावी, पण पाणी येऊ नये अशी. चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू, प्रत्येकाला काळ्या रबराची चकती. स्क्रू आतूनच बसत, म्हणजे छपरावर चढायला नको. चाळीस वर्षांत त्याची टोपी कधी गळली नव्हती. हिनं मात्र दुसऱ्यांदा दगा दिला होता. दोन्ही वेळा एक स्क्रू गायब.

"शिडी सोडू नका हं."

"ही काय पळून जातेय? पायाला रबर आहे की तिच्या."

"धरलेली बरी. माझ्या घरी धरायला कोण आहे?"

"इथे तरी कोण आहे? तुम्ही आलात की शिडी येते, तुमच्याबरोबरच जाते."

मिस्त्रीनं नवा स्क्रू लावला. वर तो जरा रेंगाळलाच. मग शर्टाच्या खिशाचं बटण लावलं आणि सावकाश खाली उतरला.

चहा झालेलाच होता. बाईंचा दुसरा कप पूर्वी कपाटाच्या वरच्या फळीवर असायचा. आता तो पहिल्याच्या शेजारी आला होता.

"मुलगा हटूनच बसलाय," बाई म्हणाल्या. "छप्पर गळतंय, घर विकू, माझ्याकडे चल म्हणतो. तिकडे अकराव्या मजल्यावर मी काय करू? तीस वर्षं या खिडकीत बसून पेपर वाचलाय. येतो तेव्हा आधी वर चढून टॉर्च मारतो, मग मला कशी आहेस विचारतो."

"वर चढतात ते?"

"दर वेळी. मी खाली, तो वर." त्यांनी कप खाली ठेवला. "वाऱ्यानं स्क्रू फिरतो होय हो, मिस्त्री?"

"वारा काय करेल सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.

तीन आठवड्यांनी, सलग दोन दिवस पाऊस लागल्यावर, बाईंचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"आलं पाणी. मुलगा रविवारी येतोय. परत गळलं तर काही ऐकून घेणार नाही म्हणालाय."

मिस्त्री शनिवारी सकाळीच गेला. हरवलेल्या स्क्रूच्या जागी नवा लावला, चारही पुन्हा आवळले, कडेनं डांबराचा पट्टा फिरवला. मग बाहेरून, अंगणातल्या नळीनं, टोपीवर अर्धा तास पाणी मारलं. परत वर जाऊन झरोक्याखालच्या फळीवरून हात फिरवला. फळी कोरडी ठणठणीत. त्याचा जीव भांड्यात पडला. तो भराभर उतरला. खिशाचं बटण उघडंच होतं.

"बाई, आता ही टोपी माझ्यामागेही टिकेल. मुलाला खुशाल वर पाठवा. शब्द देतो."

बाई शिडीपाशी नव्हत्या. जेवणाच्या टेबलावर खोकी मांडून त्या कप कागदात गुंडाळत होत्या.

"जातेय मी, मिस्त्री."

"पण आता गळणार नाही."

"माहीत आहे. तुमच्या हातचं काम गळतच नाही. त्यावरूनच तर मला उमगलं." त्यांनी आवाज उतरवला, जणू घरात आणखी कोणी होतं. "तोच काढतो स्क्रू."

"कोण?"

"मुलगा. त्याच्याशिवाय वर जातंय कोण?"

मिस्त्रीचा हात उघड्या खिशाकडे गेला.

"आधी असा राग आला म्हणून सांगू. मग वाटलं, एवढा बाप्या माणूस, गुडघे धरलेत त्याचे, आणि आईनं आपल्याकडे यावं म्हणून पोटमाळ्यावर चढून चोरासारखे स्क्रू काढतो. मी कोणाला इतकी हवी असेन, असं मला वाटलंच नव्हतं हो." त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "मी त्याला काही विचारणार नाही. तुम्हीही बोलू नका. त्याला ओशाळं वाटेल."

मिस्त्रीनं मान हलवली.

"तुमची मेहनत मात्र फुकट गेली," त्याला फाटकापर्यंत सोडायला येत त्या म्हणाल्या.

"नव्या लोकांना होईल उपयोग."

घरी येऊन त्यानं शिडी भिंतीला टेकवली. दार लावलं. चहा टाकावा असं मनात आलं, पण टाकला नाही. फळीवरचा तंबाखूचा जुना डबा काढला आणि मांडीवर उपडा केला. बटण लावलेल्या खिशातून एकेक करून घरी आलेले तीन पितळी स्क्रू त्याच्या पुढ्यात पडले, बाईंच्या छपराचं काळं रबर अजून गळ्यात असलेले.