किती बंद पडली?

“किती बंद पडली?” परीक्षकाने तिसऱ्यांदा विचारलं.

“एकही नाही,” थोरली तिसऱ्यांदा म्हणाली. पहिल्या दोन वेळा ती निदान हसून म्हणाली होती.

टेबलावर दोघी बहिणींची तीन वर्षं उभी होती. एक लोखंडी दांडी, तिला पांढरी डबी, डबीच्या आकड्याला सलाईनची बाटली. बाटली संपत आली की वजन घटतं आणि डबी बोंबलते. परीक्षकाने सकाळपासून चार बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. चारही वेळा डबी इमानेइतबारे बोंबलली. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

नव्या कंपन्यांची यंत्रं किती तयार आणि किती कच्ची, हे ठरवणं त्याचं काम. एकूण पायऱ्या नऊ. सहावी म्हणजे यंत्र खऱ्या जागी, खऱ्या माणसांवर टिकलं. सहावी मिळाली तर रुग्णालय दोनशे डब्या लावणार होतं. नाही मिळाली तर महिनाअखेरीस खोली सोडायची आणि डबी बनवणाऱ्या धाकटीने पुन्हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचं. सगळ्या नव्या कंपन्या त्याला पाठीमागे कैची म्हणत. मागितलेली पायरी त्याने कुणाला दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, हे थोरलीला दुपारी कळलं; तोवर तिने ‘सर, सर’ करून घसा कोरडा केला होता.

“बाई, तीन महिने रुग्णालयात चालवलंत म्हणता. आणि एकदाही बंद पडलं नाही?”

“आमचं काम चोख असतं.”

“माझ्या घरचा पंखा एवढा चोख नाही.” डाव्या हाताची पाठ चोळत तो खोलीभर फिरला. फरशी लख्ख, अवजारं ओळीत टांगलेली, कचऱ्याचा डबा रिकामा. “इथे काम करता की नुसती पुसापुशी?”

काल दिवसभर पुसापुशीच झाली होती. बंद पडलेली प्रत्येक डबी धाकटी जपून ठेवायची आणि तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. कधी बंद पडली, कुठे, कशामुळे. थोरलीने त्या सगळ्या एका पत्र्याच्या पेटीत कोंबल्या आणि पेटी जिन्याखाली ढकलली. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणाली होती. “पाहुण्यांना कुणी घरातली भांडणं दाखवतं का?” धाकटीला ते पटलं नव्हतं. पण बोलायची बाजू ताईची, म्हणून ती गप्प बसली. आता तिला ताईपेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

परीक्षकाने पेन उघडलं आणि कागदावर तीनचा आकडा काढला.

“तीन?” थोरली ओरडली. “अहो, चार वेळा वाजलं तुमच्यासमोर!”

“टेबलावर वाजलं. टेबलाला सलाईन लावत नाहीत.”

“तुम्हाला ना, कुणाचं भलं बघवतच नाही!”

“नाही बघवत,” तो म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर गेली, जिन्याखालची पेटी खरवडत आत ओढून आणली आणि सगळी टेबलावर उपडी केली. पांढऱ्या डब्या गडगडत खाली फरशीपर्यंत गेल्या.

“एक्केचाळीस! एक्केचाळीस वेळा बंद पडली. झालं समाधान? आता तीनचा एक करा आणि चालते व्हा.”

“अगं गाढवे, काय केलंस हे!” थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षक चालता झाला नाही. त्याने चष्मा चढवला आणि एकेक चिठ्ठी उचलून बघू लागला. वरची ओळ बघायची, डबी बाजूला सारायची. खाली पडलेल्या डब्यांसाठी तो गुडघे धरत वाकला, तेव्हासुद्धा दोघींपैकी एकीनेही हात पुढे केला नाही. मग एका डबीवर तो थांबला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली.

“खाट नऊ. बाटली संपली, डबी वाजली नाही. नळीत रक्त उलटं चढलं. खाटेवरच्या म्हाताऱ्याने दोन शिव्या हासडल्या म्हणून नर्सला कळलं. बॅटरीचं झाकण सैल. चूक माझी.” त्याने चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. “पुढे?”

“पुढे काय! त्याच आठवड्यात सगळ्या डब्यांची झाकणं बदलली. आता बॅटरी जरा हलली तरी बोंब मारते. खोटं वाटत असेल तर करून बघा.”

त्याने दांडीवरच्या डबीचं झाकण नखाने उचकलं. डबी अशी काही बोंबलली की थोरलीने कानांवर हात ठेवले. परीक्षक मात्र तो आवाज बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग झाकण बसवलं, कागदाची घडी उलगडली, तीनवर काट मारली आणि शेजारी सहा लिहिलं.

धाकटी मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले आणि ह्या माणसासमोर आले म्हणून तिला आणखी चीड आली.

थोरलीला काही राहवेना. “एवढ्या ढिगात बरी नेमकी हीच सापडली तुम्हाला!”

परीक्षकाने पेन खिशाला अडकवलं. डाव्या हाताची पाठ पुन्हा एकदा चोळली.

“खाट नऊवरचा म्हातारा मीच,” तो म्हणाला. “आणि शिव्या दोन नव्हत्या.”