सरासरी उंची

"दादा, एक विचारू? रागावू नका हं," अहिल्या म्हणाली आणि सकाळच्या प्रश्नपत्रिकेची कोरी बाजू तिने समोर धरली.

गणिताचा पहिला पेपर संपून तास झाला होता, दुसरा दोनला होता. मधल्या वेळात यूपीएससीची मंडळी दिल्लीतल्या त्या शाळेच्या मैदानावर, नोव्हेंबरच्या उन्हात डबे उघडून बसली होती. भालचंद्रचा हा चौथा अटेम्प्ट. चौथा म्हणजे शेवटचा, त्यापुढे तेव्हाचा नियमच आत घेत नव्हता. त्याचा वर्गमित्र नीरज गुडगावात परदेशी कंपनीत लागला, यालाही त्याने दोनदा बोलावलं. पण हा बसला दिल्लीतच, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत साइन-कोसाइन घोकत. अहिल्याचा पहिलाच अटेम्प्ट होता, आणि तिला गणित शिकवलं होतं यानेच, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वहीतून.

तिने आकृती काढली. रेघ शून्यातून वर चढते, पाय या आकड्यापर्यंत, म्हणजे ३.१४ पर्यंत जाते, परत शून्यावर उतरते, पुन्हा चढते. पत्र्याच्या छपरांची रांगच जशी. असली टोकदार रेघसुद्धा गुळगुळीत लाटांची बेरीज करून बांधता येते, ही फोरियरची करामत भालचंद्रनेच तिला समजावली होती. बेरजेत आधी येतो एक साधा आकडा, म्हणजे रेघेची सरासरी उंची. मग लाटा.

"मी तुमच्या वहीप्रमाणे पहिला आकडा पाय लिहिला," ती म्हणाली. "पण रेघ पायच्या वर जातच नाही ना. मग सरासरी शिखराएवढी कशी?"

"अगं, सूत्रच आहे तसं," भालचंद्र म्हणाला. मग त्याने आकृतीकडे पाहिलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

इतकी साधी गोष्ट हो! कुणालाही विचारा, सरासरी शिखराच्या निम्मी म्हणेल. वहीतलं सूत्र त्याने दोन पुस्तकांतून घेतलं होतं. एक पुस्तक आकडा काढतानाच निम्मा करतं, दुसरं तो बेरजेत मांडताना करतं. याने काढायची रीत दुसऱ्यातून उचलली आणि मांडायची पहिल्यातून. दोन्ही पुस्तकं बरोबर, निम्मं करायचं तेवढं राहून गेलं. आणि आकृती? आकृतीत वेळ जातो, असं त्याचं ठाम मत होतं. तेही त्याने तिला शिकवलं होतं.

"बरोबर आहे ना मग?" अहिल्याने विचारलं.

हो म्हणून टाकावं, असं त्याला क्षणभर वाटलं. तिला अजून दुपारचा पेपर द्यायचा होता.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या वहीत चुकलंय. दुपारी परत आला तर निम्मा कर."

अहिल्याचा चेहरा पडला. वीस मार्कांचा प्रश्न होता. ती आधी आकृतीकडे आणि मग त्याच्याकडे बघायला लागली.

"वही कधीची आहे, दादा?"

"पहिल्या अटेम्प्टची."

"गेल्या वर्षी फोरियर आला होता?"

"आला होता. त्याच्या आदल्या वर्षीपण."

"गेल्या वर्षी इंटरव्ह्यूचा कॉल किती मार्कांनी गेला?"

"सहा."

भालचंद्रला रडावंसं वाटत होतं, आणि एवढ्या लोकांत ते जमत नव्हतं.

दोनला दहा मिनिटं असताना घंटा झाली. "चलो भाई, चलो," फाटकावरचा शिपाई सगळ्यांना हाकायला लागला. मंडळी हात धुऊन उठली. भालचंद्र उठला नाही. अहिल्या चार पावलं पुढे गेली, परत आली, आणि वाकून तिने त्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"दोन घास खाऊन घ्या," ती हळू आवाजात म्हणाली, आणि आत गेली.