दहा मिनिटांच्या आत

साखर कारखान्याच्या सभागृहात प्रथमोपचाराचा वर्ग चालू होता आणि भिंतीवरच्या यंत्राचा दिवा एकाएकी लाल झाला. म्हणजे खोलीतल्या बावीस जणांपैकी कुणाचं तरी हृदय दहा मिनिटांच्या आत थांबणार होतं. कुणाचं, ते यंत्राला कळे, पण ते सांगत नसे. नाव कळलेली माणसं धसक्यानेच आधी कोसळू लागली, तेव्हा तसा कायदाच झाला होता.

वजनकाट्यावरच्या नलू पोवारने मुकाट्याने स्वतःची नाडी धरली. शेजारचा बॉयलरवाला उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. जो तो दुसऱ्याच्या कपाळावर घाम शोधत होता.

"रुग्णवाहिका निघालीय. बसून घ्या सगळे," शिकवणाऱ्या घोरपडेबाई म्हणाल्या. "नलू, तू इकडे ये. मघाशी पुतळ्याची छाती दाबायला घाबरलीस ना? पुन्हा दाब."

"आत्ता? बाई, मला काही सुधरंना झालंय."

"आत्ताच."

नलू दाबू लागली. बाई मोठ्याने आकडे मोजत होत्या. सतरा म्हणाल्या, आणि अठरा आलाच नाही. नलूने वर पाहिलं, तर बाई टेबलाला धरून खाली घसरत होत्या.

कुणीच हललं नाही. नलू पुतळा सोडून धावली आणि जीव खाऊन बाईंची छाती दाबू लागली. मग बॉयलरवाल्याने झटक्याचं यंत्र आणून लावलं. दुसऱ्या झटक्यानंतर बाई कण्हल्या, तरी नलूचे हात थांबेनात.

"पुरे गं," बाई पुटपुटल्या, "आले मी."